दहाच्या आतली जागा

10 मीटर एअर रायफलचं टार्गेट सगळ्या वर्तुळांसकट 45.5 मिलिमीटरचं असतं. त्यातला काळा भाग 30.5 मिलिमीटरचा. आणि ज्याला आपण ‘दहा’ म्हणतो तो मधोमध असलेला अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा ठिपका, पेनाचं टोक कागदावर टेकवल्यावर उमटतं त्या टिंबाएवढा. रायफलमधून सुटणारा छर्रा मात्र 4.5 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. त्यामुळे छर्ऱ्याची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. हिशेब मांडला तर छर्ऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता एअर रायफलमध्ये गुण दशांशात मोजतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटची जागा मोजतं आणि दहाच्या आतही 10.0 पासून 10.9 पर्यंत दहा पायऱ्या पाडतं. दर पाव मिलिमीटरला एक पायरी. 10.9 हवा असेल तर 10 मीटरवरून, उभ्याने, कशाचाही टेकू न घेता छर्रा केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो. असे 60 शॉट, सव्वा तासात.

हे आकडे ऐकले की पहिला विचार मनात येतो तो हात दगडासारखा स्थिर असण्याचा. तसा हात कोणाचाच नसतो. हृदय चालू असतं, श्वास चालू असतो, उभं राहायचं म्हटलं तरी शरीर तोल सांभाळत सतत किंचित डोलत असतं. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतल्या नेमबाजाच्या रायफलचं टोकही हलतंच. त्याची हालचाल लहान असते, ठरलेल्या जागेभोवती असते आणि ट्रिगर दाबताना ती वाढत नाही, एवढंच. रेंजवरच्या सरावातून दोन गोष्टी साधायच्या असतात. एकच कृती हुबेहूब पुन्हा पुन्हा करता यावी ही पहिली. ती बिघडली तर कुठे बिघडली हे स्क्रीनकडे बघण्याआधी स्वतःला सांगता यावं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं असं माझं मत आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

शरीराच्या स्थितीने अचूकता किती बदलते हे पाहायला आपल्याच माणसाचे आकडे आहेत. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या 1952 मधल्या हेलसिंकीच्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचे एकूण गुण 451.4 सगळ्यांनी वाचले, पण मौज त्याच्या आतल्या आकड्यांत आहे. गुडघ्यावर बसून मारलेल्या 15 शॉटचे 153.3, म्हणजे सरासरी 10.22. पोटावर झोपून 15 शॉटचे 156.8, सरासरी 10.45. उभ्याने 14 शॉट, तिथे सरासरी 10.09 वर आली. माणूस तोच, रायफल तीच, दिवस तोच. झोपलेल्या शरीराला जमिनीचा जेवढा आधार असतो तेवढा उभ्या शरीराला नसतो, आणि तो फरक आकड्यांत उतरतो.

50 मीटरच्या टार्गेटवर एक गुण म्हणजे आठ मिलिमीटर. आता रायफलवर पुढची आणि मागची अशा दोन साईट असतात, त्यांच्यातलं अंतर सुमारे 80 सेंटीमीटर धरू. पुढची साईट मागच्या साईटच्या रेषेतून एका मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढी सरकली की 50 मीटरवर गोळी आठ मिलिमीटर बाजूला जाते. अख्खी रायफल समांतर एक मिलिमीटर सरकली तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते, त्याने फारसं बिघडत नाही. कोन बदलला की अंतरासोबत चूक वाढत जाते. म्हणून कोच मंडळी ‘काळ्या गोलाकडे टक लावू नकोस, पुढच्या साईटमधल्या रिंगकडे बघ’ असं सारखं बजावतात.

टार्गेट रायफलची मागची साईट म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर व्यासाचं भोक. पुढच्या साईटमध्ये एक बारीक रिंग. भोकातून रिंग दिसते, रिंगच्या आत टार्गेटचा काळा गोल दिसतो, आणि ही सगळी वर्तुळं एकात एक, समकेंद्री ठेवायची असतात. डोळ्याला हे काम आवडतं, कारण समकेंद्री वर्तुळांतला फरक तो न सांगताही टिपतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट स्थिरावतो, म्हणून रिंग स्पष्ट आणि काळा गोल किंचित धूसर दिसला पाहिजे. नवखे बहुतेक वेळा लहान रिंग निवडतात. काळ्या गोलाला घट्ट बिलगणारी रिंग जास्त अचूक वाटते. प्रत्यक्षात तिच्यात होणारी प्रत्येक हालचाल मोठी दिसते, माणूस घाबरतो आणि ‘आत्ता मध्ये आहे, आत्ताच मार’ म्हणून ट्रिगर ओढतो. काळ्याभोवती पांढरी जागा सढळ ठेवणारी मोठी रिंग घेतली की मन शांत राहतं आणि ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, सहसा लहान होतो. दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याच्यासमोर लहानशी पट्टी लावायची. एक डोळा जोर लावून मिटला की दुसऱ्याच्या भोवतीचे स्नायूही ताणले जातात.

आता उभ्या स्थितीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घाम तिथेच गळतो. एअर रायफलचं वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. उजव्या हाताच्या नेमबाजाची डावी बाजू टार्गेटकडे असते. पाय साधारण खांद्याएवढे फाकलेले, डावा खुबा किंचित टार्गेटकडे सरकलेला, डाव्या हाताचं कोपर खुब्याच्या हाडावर किंवा बरगड्यांशी टेकलेलं, कंबरेच्या वरचा भाग जरासा मागे झुकलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा अवघडलेला अवतार वाटतो. त्यामागचं कारण साधं आहे. स्नायू भार उचलताना थरथरतो आणि थकतो, हाड थकत नाही. रायफलचा भार तळहातावरून मनगटात, मनगटातून कोपरात, तिथून खुब्यात आणि डाव्या पायातून जमिनीत गेला की उचलायचं असं काही उरतच नाही.

स्थिती घेतल्यावर पहिलं काम म्हणजे रायफल स्वतःहून कुठे बघते आहे हे तपासणं. रेंजवर याला ‘एनपीए’ म्हणतात, नॅचरल पॉइंट ऑफ एम. रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. रिंग काळ्या गोलावर असेल तर उत्तम. ती डावीकडे असेल तर हाताने उजवीकडे ढकलायची नाही. उजवा पाय अगदी थोडा सरकवायचा आणि सगळं शरीर फिरवायचं. हाताने ढकललेली रायफल तो हात सैल पडताक्षणी परत आपल्या जागी जाते, आणि हात सैल पडतो तो नेमका ट्रिगर सुटताना. ‘मी तर मध्येच धरलं होतं, गोळी डावीकडे कशी गेली?’ हा प्रश्न रेंजवर रोज कोणीतरी विचारतो. बहुधा उत्तर पायाशी असतं.

मग एक शॉट. रायफल टार्गेटच्या वर येते, श्वास सोडता सोडता हळूहळू खाली उतरते. श्वास सोडून झाल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर आपोआप जी विश्रांती घेतं तिथे थांबायचं. रिंगमध्ये काळा गोल येतो, हालचाल लहान लहान होत जाते. बोट ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच ओढून बसलेलं असतं. दुसऱ्या टप्प्यावर दाब वाढत जातो आणि शॉट सुटतो. हे सगळं साधारण पाच ते आठ सेकंदांत व्हायला हवं. त्याहून लांबलं की प्राणवायू कमी पडू लागतो, नजर मंदावते, रिंगची प्रतिमा डोळ्यात गोठल्यासारखी होते आणि हलली तरी कळत नाही. अशा वेळी करण्यासारखी एकच गोष्ट असते: बोट बाहेर काढून रायफल खाली घेणं. हे सांगायला सोपं, करायला फार कठीण. इतका वेळ धरलंय तर मारूनच टाकू, असं मन म्हणतं. चांगला नेमबाज सामन्यात कितीतरी वेळा रायफल खाली घेतो, आणि प्रेक्षकांना तो चाचरतोय असं वाटतं. सरावातही खाली घेतलेले शॉट मोजावेत, कारण तोही एक निर्णय आहे आणि सरावानेच येतो.

ट्रिगर सुटला म्हणजे शॉट संपला असं नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात नळी हलली तर तो हलल्या दिशेनेच जातो. म्हणून शॉटनंतर सेकंद-दोन सेकंद गाल तसाच, डोळा तसाच, बोट तसंच. याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. त्या सेकंदात नेमबाजाने पाहायचं असतं की सुटण्याच्या क्षणी रिंग कुठे होती. आणि मग, स्क्रीनकडे मान न वळवता, स्वतःशी म्हणायचं: ‘नऊ-आठ, दोन वाजता.’ घड्याळाच्या आकड्यांनी दिशा सांगायची ही पद्धत. हाच ‘कॉल’.

कॉल म्हणजे सरावाचा गाभा आहे असं मी म्हणतो ते यासाठी. कॉल दोन वाजताचा आणि गोळीही दोन वाजता, तर साईट बरोबर आहे आणि चूक तुमच्या धरण्यात होती. कॉल मधला आणि गोळी दोन वाजता, तर साईट सरकली असेल, गाल वेगळ्या जागी टेकला असेल, 50 मीटरवर असाल तर वारा बदलला असेल किंवा सुटताना तुम्ही डोळा मिचकावला असेल. कॉलच नसेल तर यातलं काहीही कळत नाही. मग स्क्रीनवर 9.6 दिसला की माणूस साईटचा स्क्रू फिरवतो, पुढचा दुसरीकडे जातो, परत स्क्रू फिरवतो. अर्ध्या तासात साईट आणि मन दोन्ही कुठल्या कुठे गेलेली असतात.

साईट फिरवण्याआधी ग्रुप बघायचा असतो. एनसीसीमध्ये .22 रायफलने लेटून पाच गोळ्या मारलेल्या अनेकांना ‘ग्रुपिंग’ हा शब्द आठवत असेल. पाच गोळ्या मध्यापासून लांब पण एकमेकींना चिकटून पडल्या तर आनंद मानावा. कृती एकसारखी होते आहे, साईट दोन-चार क्लिक फिरवली की काम झालं. गोळ्या मध्याभोवतीच पण चारी दिशांना विखुरल्या असतील तर कुठलाही स्क्रू मदतीला येत नाही. इथे थोडं गणितही लक्षात ठेवावं. एका गोळीची जागा ही बरीचशी योगायोगाची असते. ग्रुपचं केंद्र कुठे आहे याची खात्री गोळ्यांच्या संख्येसोबत वाढते, पण सावकाश: चौपट गोळ्या मारल्या की अनिश्चितता निम्मी होते. म्हणून एका शॉटवरून साईट हलवू नये. पाच चांगल्या कॉलचे शॉट एकाच बाजूला जात असतील तर हलवावी. ग्रुपचा आकारही बोलतो. उभट ग्रुप आला तर श्वास एकाच जागी थांबतो का ते पाहावं, आडवा आला तर पाय आणि ट्रिगरवरचं बोट.

रायफल एका बाजूला कलली तर काय होतं, हा प्रश्न फार जण विचारत नाहीत, पण 50 मीटरवर तो महत्त्वाचा आहे. .22 ची सामन्याची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. 50 मीटर जाईपर्यंत ती सुमारे 12 सेंटीमीटर खाली पडते, आणि ती घट भरून काढायला नळी किंचित वर रोखलेली असते. रायफल पाच अंश कलवली तर वर रोखलेली नळी थोडी बाजूलाही रोखली जाते आणि गोळी सेंटीमीटरभर सरकते. एका गुणापेक्षा जास्त नुकसान, आणि साईटमध्ये सगळं मधोमध दिसत असताना! 10 मीटरवर छर्रा पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपासच पडतो, त्यामुळे तिथे हा फटका लहान. थोडं कलवून धरायला हरकत नाही, अनेक मोठे नेमबाज तसं धरतात. फक्त दरवेळी तेवढंच कललं पाहिजे.

50 मीटरची रेंज उघड्यावर असते आणि तिथे वारा हा खेळाचाच भाग आहे. नेमबाज आणि टार्गेटच्या मध्ये, 10 आणि 30 मीटरवर, छोट्या पताका लावलेल्या असतात. जवळच्या पताकेकडे जास्त लक्ष द्यावं, कारण सुरुवातीलाच बदललेली दिशा उरलेल्या सगळ्या अंतरात वाढत जाते. नळीतल्या पिळामुळे गोळी उजवीकडे गरगरत जात असते, म्हणून उजवीकडून आलेला वारा तिला नुसता डावीकडे ढकलत नाही, थोडी वरही नेतो. डावीकडचा वारा उजवीकडे आणि खाली. काही जण पताका ठरावीक स्थितीत येईपर्यंत थांबतात, काही साईट फिरवतात. शिकणाऱ्याने आधी थांबायला शिकावं असं मला वाटतं, कारण त्याने वारा वाचण्याची सवय लागते. उन्हाळ्यात जमिनीवरची तापलेली हवा टार्गेटला थरथरवते, तेही एक प्रकारचं मृगजळच. गोळ्यांचाही वाटा असतो. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट एकाच नळीतून वेगवेगळे ग्रुप देतात. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवून लॉट तपासतात आणि जो जुळेल तोच साठवून ठेवतात. नवख्याने यात पैसे घालू नयेत. त्याच्या ग्रुपचा आकार गोळी ठरवत नसते.

सरावाचा मोठा भाग गोळीविनाच होतो. ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या रायफलने सगळी कृती करून ट्रिगर दाबणं. आजच्या एअर रायफलमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, त्यामुळे हवाही सुटत नाही. झटका नाही, आवाज नाही, गुण नाहीत, त्यामुळे ट्रिगरच्या क्षणी रिंग कशी हलली हे लख्ख दिसतं. याहून एक पायरी मागे जाऊन नुसत्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय करावं: नेम धरायला काही नसलं की बोट काय करतंय ते कळतं. रोज नुसती रायफल धरून राहणं, ज्याला ‘होल्डिंग’ म्हणतात, तेही याच पठडीतलं. हल्ली नळीला लावायचा सेन्सर मिळतो. रिंग टार्गेटवर कशी फिरत होती, सुटण्याच्या आधीच्या सेकंदात काय झालं, याची रेघ तो संगणकावर काढतो. उपयुक्त आहे, पण कॉल करून झाल्यावर बघावी. आधी रेघ बघितली तर कॉल शिकायचा राहूनच जातो.

आणि मन? त्याबद्दल अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सची हकीकत प्रत्येक नेमबाजाने ऐकलेली असते. अथेन्स 2004 च्या थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये शेवटच्या शॉटआधी तो तीन गुणांनी पुढे होता. साधारण शॉट लागला असता तरी सुवर्ण त्याचंच. त्याने शॉट मारला आणि त्याच्या टार्गेटवर काहीच उमटलं नाही. गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गेली होती. शून्य गुण. एरवी तो आधी टार्गेटवरचा लेनचा आकडा बघून मग खाली काळ्या गोलावर यायचा. त्या शॉटला स्वतःला शांत करण्याच्या नादात आकडा बघायचा राहिला. चार वर्षांनी बीजिंगमध्ये तोच प्रकार, तीच फायनल, शेवटचा शॉट, सुवर्णासाठी 6.7 पुरेसे. रायफल गोलावर उतरत असतानाच बोट ट्रिगरला लागलं आणि 4.4. तो चौथा आला. 2012 मध्ये लंडनला याच प्रकारात त्याने कांस्य घेतलं, ही गोष्ट त्याच्या चुकांहून मोठी आहे. दोन्ही चुकांत नेम कच्चा नव्हता. नेहमीच्या क्रमातली एक पायरी गळाली होती. म्हणून कोच क्रम लिहून काढायला लावतात: पाय, श्वास, गाल, आकडा, रिंग, ट्रिगर, कॉल. रोजच्या सरावातल्या विसाव्या, चाळिसाव्या शॉटलाही तोच क्रम पाळला तरच साठाव्या शॉटला तो आठवतो.

अभिनव बिंद्राची बीजिंगची फायनल याच्या दुसऱ्या टोकाला आहे. फायनलआधीच्या चाचणी शॉटमध्ये त्याची गोळी पार बाहेर गेली, साईट बिघडलेली निघाली. हातात असलेल्या थोड्या शॉटमध्ये त्याने ती जागेवर आणली. ज्याचा आपल्या कॉलवर विश्वास नाही त्याला तिथे आपणच चुकलो असं वाटलं असतं आणि तो साईटला हात लावायला कचरला असता. शेवटच्या शॉटआधी फिनलंडचा हेन्री हॅकिनेन आणि तो बरोबरीत होते. हॅकिनेनने 9.7 मारला, अभिनवने 10.8.

महाराष्ट्रात रायफल नेमबाजीची परंपरा जुनी आणि बरीचशी मुलींनी उभी केलेली आहे. अंजली भागवत एनसीसीतून रायफलकडे आली आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत गेली. सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्सला 10 मीटरच्या फायनलमध्ये होती. त्याच ऑलिंपिकमध्ये खेळलेली दीपाली देशपांडे पुढे स्वप्निलची कोच झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकाराचं, जागतिक विजेतेपद मिळवलं, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. 2022 मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला 10 मीटरचा जगज्जेता झाला. वरळीची आणि बालेवाडीची रेंज, शासनाची क्रीडा प्रबोधिनी, कोल्हापूर-नाशिककडचे कोच, रेल्वेची नोकरी, या सगळ्यांचा त्यात हात आहे. स्वप्निल स्वतः प्रबोधिनीतून घडला आणि पदक घेतलं तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. या खेळात ताकदीपेक्षा शिस्त चालते, म्हणून मुलगा-मुलगी शेजारशेजारच्या लेनवर उभे राहून खेळू शकतात.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला भारतात शस्त्रपरवाना लागत नाही. सामन्याची एअर रायफल साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास असते. .22 ला परवाना लागतो. पण आधी रायफल विकत घेऊच नका. क्लबच्या रायफलवर शिका. तिचा बट आणि गालाचा टेकू तुमच्या मापाला लावून घ्या, कारण मान वाकवून साईटपर्यंत न्यावी लागत असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. कॅनव्हास-चामड्याचं जाड जॅकेट पाठीला आधार देतं, पण पहिल्या दिवसापासून त्याची सवय लावू नका. पोट आणि पाठीचे स्नायू आधी तयार होऊ द्या. वाढत्या वयाच्या मुलांना जड रायफल तासन् तास उभ्याने धरायला लावणं मला साफ चुकीचं वाटतं. त्यांनी आधी टेकूवर रायफल ठेवून साईट, ट्रिगर आणि कॉल शिकावा. त्याने काहीही उशीर होत नाही.

सुरक्षेचे नियम चर्चेचे नाहीत. नळी कायम टार्गेटकडे. शॉट मारायचा नसेल तेव्हा रायफल उघडी आणि नळीत भडक रंगाची सेफ्टी दोरी, म्हणजे ती रिकामी असल्याचं लांबूनही दिसतं. ‘स्टॉप’ ऐकू आलं की बोट बाहेर, मग शॉट कितीही जमून आलेला असो. पुढे माणूस गेला असेल तर रायफलला हातही लावायचा नाही. छर्रे शिशाचे असतात, शिसं विषारी असतं. रेंजवर खायचं नाही, निघताना हात साबणाने धुवायचे आणि छर्रे ओठांत धरायची खोड असेल तर आजच सोडायची.

मुलांना रेंजवर नेणाऱ्या आई-वडिलांना एक विनंती. घरी येताना गाडीत ‘आज किती स्कोअर झाला?’ असं विचारू नका. पहिलं वर्षभर तरी ‘किती शॉट तू सांगितलेस तिथेच गेले?’ एवढंच विचारा, आणि तो आकडा त्यांच्या वहीत तारखेसह लिहायला सांगा.